शनिवारी जग संपणार होतं

डायलिसिसच्या खोलीत आठ खुर्च्या होत्या आणि त्या आठही खुर्च्यांवरची माणसं त्याला ‘दादा’ म्हणत. सत्तरी ओलांडलेले सरही दादा म्हणत आणि सात नंबरवरची कॉलेजातली मुलगीही. तंत्रज्ञ म्हणून त्याला तिथे तेरा वर्षं झाली होती. सकाळी साडेसहाला यायचं, यंत्रं धुऊन घ्यायची, नळ्या जोडायच्या, पेशंटांची वजनं घ्यायची, एकेकाच्या हातात दोन-दोन सुया लावायच्या आणि मग चार तास त्यांचं रक्त बाहेर येऊन, गाळून, परत आत जाताना बघत राहायचं. ज्यांच्या किडन्या काम करत नाहीत त्यांना हे आठवड्यातून तीनदा करावं लागतं. जन्मभर, किंवा दुसऱ्या कुणाची किडनी मिळेपर्यंत.

दारामागे एक पांढरा फळा होता. त्यावर खुर्चीचा नंबर, पेशंटचं नाव आणि वार लिहिलेले असत. कुणी गेलं की नाव पुसायचं काम दादाकडे होतं. सुरुवातीला एखादं नाव पुसलं की त्याला दोन दिवस घास जात नसे. पुढेपुढे घास जायला लागला आणि त्याचंच त्याला जास्त वाईट वाटायला लागलं. एका महिन्यात चार नावं पुसावी लागली, तेव्हा यंत्रांचे सुटे भाग पुरवणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने त्याला मोठ्या भाऊंच्या बैठकीला नेलं.

मोठे भाऊ हे जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. आवाज शांत, कपडे साधे, दारात आलेल्याला स्वतः पाणी देणारे. त्यांचं म्हणणं असं, की जगातल्या सगळ्या धर्मांनी शेवटाबद्दल एकच गोष्ट सांगितली आहे, फक्त आकडे वेगवेगळ्या कुलपांत ठेवले आहेत. ती कुलपं उघडून त्यांनी तारीख काढली होती. येत्या महिन्याची एकोणीस, शनिवार, सूर्यास्त. त्यानंतर जुनं जग राहणार नव्हतं आणि प्रत्येकाला नवं, धडधाकट शरीर मिळणार होतं.

बाकीच्या गोष्टी दादाला फारशा कळल्या नाहीत. धडधाकट शरीर मात्र कळलं. आठही खुर्च्या रिकाम्या आणि फळा कोरा, पण या वेळी पुसल्यामुळे नव्हे, असं चित्र त्याच्या डोळ्यांपुढे आलं आणि तो तिथेच बसल्या बसल्या रडला.

त्याची बायको एका शाळेच्या ग्रंथालयात होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग वीस तारखेची भाजी आणायची की नाही?” तो रागावला नाही. तिची कीव आली त्याला. आपल्याला माहीत आहे आणि हिला नाही, या विचाराने छातीत एक ऊबही आली. पुढे त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली ती या उबेची.

चार नंबरच्या खुर्चीवर सर असत. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळची पाळी. कॉलेजात त्यांनी तीस वर्षं निरनिराळ्या धर्मांचा तौलनिक अभ्यास शिकवला होता. चार तास खुर्चीला जखडलेल्या माणसाला ऐकणारा मिळाला की तो सोन्याच्या मोलाचा वाटतो, तसं त्यांचं झालं. दादाने भीतभीत तारखेची गोष्ट काढली तेव्हा ते हसले नाहीत. उलट चष्मा पुसून नीट बसले आणि म्हणाले, सविस्तर सांगा.

मग दर पाळीला वाद सुरू झाला. वाद कसला, सरांचा तासच असे तो. हिंदूंच्या गणिताने कलियुग संपायला अजून चार लाखांवर वर्षं बाकी आहेत, आणि ते संपलं तरी पुन्हा पहिलं युग सुरू होतं, म्हणजे तो शेवट नव्हे, तुमच्या दवाखान्यासारखी पाळी बदलते एवढंच. ख्रिस्ती आणि मुसलमान दोघेही निवाड्याचा दिवस मानतात, पण ती घटका देवाखेरीज कुणालाच माहीत नाही, हेही दोघे बजावून सांगतात. ज्यूंच्या जुन्या पंडितांपैकी काहींनी तर शेवटाचा हिशेब मांडणाऱ्यांना शाप दिला आहे. बौद्ध पुढच्या बुद्धाची वाट बघतात, पण त्यांना कसलीही घाई नाही. आणि जरथुष्ट्राच्या धर्मात शेवटी वितळलेल्या धातूची नदी वाहते, तिच्यातून सगळ्यांना चालावं लागतं. चांगल्या माणसाला ती कोमट दुधासारखी लागते, वाईटाला तापल्या धातूसारखीच.

“दादा, तुमचे मोठे भाऊ सगळ्या धर्मांना एका खोलीत बसवतात,” सर एकदा म्हणाले, “पण त्यांना एकमेकांशी बोलू देत नाहीत.”

दादाने ते वाक्य बैठकीत नेलं. मोठे भाऊ म्हणाले, विद्वानांना पानं दिसतात, झाड दिसत नाही. दादाने ते उत्तर परत सरांकडे आणलं. असं महिनाभर चाललं होतं. दोघांनाही त्यात रंगत आली होती. सरांना वर्ग मिळाला होता आणि दादाला, एवढ्या शिकलेल्या माणसासमोर आपण टिकतो, याची मजा वाटत होती. एकदा सरांनी विचारलं, शनिवारी काहीच झालं नाही तर काय कराल? होणारच, दादा म्हणाला. सरांनी डोकं हलवलं आणि दुसरा मुद्दा काढला.

तीन नंबरच्या खुर्चीवर टेलरताई असत. चाळिशीच्या, शाळेचे गणवेश शिवणाऱ्या, बोलायला अगदी कमी. सुया लागल्या की ओढणी चेहऱ्यावर घेऊन त्या पडून राहत. सगळ्यांना वाटे, झोपल्या. पण त्या झोपत नसत. महिनाभर त्यांनी दोन्हीकडचा शब्दन् शब्द ऐकला होता.

टेलरताईंना किडनी मिळणार होती. त्यांची मोठी बहीण, जिला त्या अक्का म्हणत, ती देणार होती. अक्का पोस्टात नोकरीला होती, लग्न केलेलं नव्हतं, धाकटीला तिनेच वाढवलं होतं. सगळ्या तपासण्या जुळल्या होत्या. ऑपरेशन सोळा तारखेला, बुधवारी ठरलं होतं.

सात तारखेला सुया काढून झाल्यावर टेलरताईंनी हातावर कापूस दाबून धरला आणि दादाला हळूच विचारलं, “दादा, ते शनिवारचं खरं आहे का?”

सर वजनकाट्यावर होते. सिस्टर बाहेर गेल्या होत्या. दादा म्हणाला, “खरं आहे, ताई.”

“शनिवारी सगळ्यांनाच नवं शरीर मिळणार असेल, तर बुधवारी अक्काला कापायचं कशाला?” त्या म्हणाल्या. “आणि मग त्या नदीतून जाताना माझ्या अंगात तिचा तुकडा असणार. मला ती कशी लागेल?”

त्या क्षणी दादाच्या मनात दोन आवाज होते. एक तेरा वर्षांच्या नोकरीचा. तो म्हणत होता, यांना आत्ताच्या आत्ता डॉक्टरबाईंकडे घेऊन जा. दुसरा म्हणत होता, तुझा विश्वास नुसता गप्पांपुरता आहे का? त्याने दुसऱ्याचं ऐकलं. पण तेही पुरतं धीटपणे नाही. ऑपरेशन करू नका, असं तो म्हणाला नाही. तो म्हणाला, “थोडी पुढे ढकलली तारीख, तर काही बिघडत नाही.”

टेलरताईंनी गणवेशांची मोठी ऑर्डर आल्याचं कारण सांगून ऑपरेशन पुढे ढकललं. डॉक्टरबाई वैतागल्या, पण पेशंटच तयार नसेल तर त्या काय करणार. पुढची मोकळी तारीख चार महिन्यांनंतरची होती. अक्काला वाटलं, धाकटी घाबरली. अक्काने पोस्टातून घेतलेली दोन महिन्यांची रजा रद्द केली. सोळा तारखेला टेलरताई ऑपरेशनच्या टेबलाऐवजी तीन नंबरच्या खुर्चीवरच होत्या, ओढणी चेहऱ्यावर घेऊन. दादा त्यांच्याकडे बघून ओळखीचं हसला. आपल्या बाजूचं एक माणूस या खोलीत आहे, असं त्याला वाटलं.

शुक्रवारी त्या आल्या नाहीत. सिस्टरने फोन लावला, उचलला गेला नाही. कारण दादाच्या लक्षात आलं होतं. तो काही बोलला नाही.

शनिवारी दुपारपासून बैठकीची तीसेक माणसं एका हॉलच्या गच्चीवर जमली. पश्चिमेकडे तोंड करून सतरंज्या घातल्या होत्या. मोठ्या भाऊंनी प्रत्येक धर्मातली एकेक प्रार्थना म्हटली. सूर्य खाली गेला. तो नेहमीसारखाच गेला, समोरच्या पाण्याच्या टाकीमागे. आकाश लाल झालं, मग राखाडी. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. समोरच्या इमारतीत दिवे लागायला लागले, एका खिडकीत कुणीतरी पोळपाट घासून ठेवला, कुठेतरी बातम्या सुरू झाल्या. पाऊण तास गेला. एका म्हाताऱ्या बाईने विचारलं, गुडघे दुखतात, खुर्चीवर बसलं तर चालेल का?

मोठे भाऊ उठले आणि शांत आवाजात म्हणाले की शेवट झालेला आहे, मात्र तो आतून सुरू झाला आहे, डोळ्यांना दिसायला काही काळ जाईल. सरांनी दोन आठवड्यांपूर्वी अगदी हेच सांगितलं होतं. तारीख चुकली की लोक एक तर नवी काढतात, नाहीतर ती न दिसता घडली म्हणतात. तेव्हा दादा मनातल्या मनात हसला होता.

घरी आला तेव्हा बायको जेवायची थांबली होती. तिने ताट वाढलं. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

रविवारी सकाळी आठ वाजता सिस्टरचा फोन आला. तीन नंबरला इमर्जन्सीत आणलंय, छातीत पाणी भरलंय, श्वास घेता येत नाही, ताबडतोब या. सुट्टीच्या दिवसाची पाळी दादाचीच होती. त्याला सांगायची गरज नव्हती, पण सिस्टर पुढे म्हणाल्या, “चार दिवसांत साडेपाच किलो वाढवून आल्यात. काय केलं कुणास ठाऊक.”

डायलिसिसच्या माणसाला दिवसाला लिटरभर पाणीसुद्धा मोजून प्यावं लागतं. फळं तर जवळजवळ बंदच. टेलरताई शुक्रवारी आणि शनिवारी तांब्यावर तांबे पाणी प्यायल्या होत्या. संत्री, केळी खाल्ली होती. दोन वर्षं जे जे बंद होतं ते सगळं. सूर्यास्तापर्यंतच निभवायचं होतं ना.

दादा पोचला तेव्हा त्या उशांना टेकून बसल्या होत्या. ओठ निळसर, नाकातोंडावर मास्क. पडद्यावर हृदयाची रेघ वेडीवाकडी चालली होती. डॉक्टरबाई बाजूला उभ्या होत्या. दादाने नळ्या जोडल्या, हात पुसून घेतला, सुई लावली. टेलरताईंनी डोळे उघडून त्याच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर त्याला तो घेता आला असता. पण त्या शरमलेल्या होत्या. एखाद्या हुशार माणसाचं बोलणं आपल्याला नीट समजलं नाही, आपणच काहीतरी चुकलो, तशा. मोकळ्या हाताने त्यांनी ओढणी शोधली, चेहऱ्यावर घ्यायला. मास्क होता, घेता आली नाही.

सव्वा तासाने रेघ पुन्हा लयीत चालायला लागली. तीन तासांनी श्वास हलका झाला. दादा हात धुवायला बाहेर आला तर व्हरांड्यात अक्का उभी होती. पोस्टातलं ओळखपत्र आदल्या दिवसापासून गळ्यातच होतं, काढायचं राहिलं असावं. तिने त्याचे दोन्ही हात धरले.

“तुमच्यामुळे वाचली माझी बहीण,” ती म्हणाली.

दादाने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यालाही कळलं नाही. तिने हात सोडेपर्यंत तो तसाच उभा राहिला आणि मग यंत्र बघायला हवं म्हणून आत गेला. यंत्र बघायला सिस्टर होत्या. तो साबणाच्या कपाटापाशी जाऊन उभा राहिला. त्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

सोमवारी सर आले. दादा त्यांना तोंड दाखवायलाही तयार नव्हता. रात्रभर त्याने सर काय काय म्हणतील याची उजळणी केली होती आणि प्रत्येक वाक्य आपल्याला लागू पडतं हे त्याला मान्य होतं. सर वजनकाट्यावर चढले, उतरले, खुर्चीत बसले आणि बाही वर केली. रक्तदाब जरा चढलाय वाटतं, एवढंच म्हणाले. दीड तास गेला तरी ते तारखेबद्दल बोलले नाहीत. शेजारची तीन नंबरची खुर्ची रिकामी होती. टेलरताई अजून वॉर्डातच होत्या.

शेवटी दादानेच स्टूल ओढलं आणि सगळं सांगितलं. सात तारखेचा प्रश्न, आपलं उत्तर, शुक्रवारचं गप्प बसणं, अक्काचे हात. सर ऐकत होते. नदीचं आलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले.

“ती नदी मी सांगितली,” ते म्हणाले.

दादा म्हणाला, तुमचा काय दोष, तुम्ही तर उलटंच सांगत होता.

“मी काय सांगत होतो ते सोडा. मला बोलायला मजा येत होती.” सरांनी तीन नंबरकडे बघितलं. “महिनाभर माझ्यापासून चार फुटांवर एक बाई घाबरून पडली होती, दादा. ओढणी होती चेहऱ्यावर, आणि मी समजलो झोपली आहे. तीस वर्षं वर्गात मागच्या बाकावर कोण गप्प आहे ते मी आधी बघायचो.”

दादाने विचारलं, आता काय करू? सर म्हणाले, “मला सांगितलंत, ते सोपं होतं. ज्यांना सांगायला हवं त्यांना सांगा.”

दुपारी त्याने आधी डॉक्टरबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, तेरा वर्षं इथे काढलेल्या माणसाकडून हे. नंतर लेखी ताकीद आली, पंधरा दिवस बिनपगारी. ती शिक्षा त्याला फार थोडी वाटली.

अक्का वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसली होती. त्याला बघून उठायला लागली. तो म्हणाला, बसा. आणि उभ्यानेच, हात मागे बांधून, त्याने सांगितलं. ऑपरेशन पुढे ढकललं ते गणवेशांमुळे नव्हे, माझ्यामुळे. शुक्रवारी त्या का आल्या नाहीत ते मला ठाऊक होतं, आणि मी कुणाला बोललो नाही.

अक्काच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. पोस्टाच्या खिडकीमागे बसून लोकांचं ऐकायची सवय असलेली ती बाई होती.

“काल मी तुमचे हात धरले,” ती म्हणाली.

“हो.”

“तेव्हा का नाही बोललात?”

त्याच्यापाशी उत्तर होतं. तिच्या तोंडून ते वाक्य ऐकायला त्याला बरं वाटलं होतं, एक क्षणभर का होईना. ते त्याला सांगता आलं नाही.

“ती म्हणते चूक तिचीच,” अक्का म्हणाली. “म्हणते, मी अडाणी, मला समजलं नाही. सकाळपासून माझी माफी मागतेय. तुम्हाला कळतंय का, कोण कुणाची माफी मागतंय?” मग ती उठली आणि तिने ओळखपत्र गळ्यातून काढून पर्समध्ये टाकलं. “तिला सुई दुसऱ्या कुणाला लावायला सांगा.”

पंधरा दिवसांनी दादा कामावर परत आला तेव्हा तीन नंबर संध्याकाळच्या पाळीत गेली होती. तिकडे दुसरा तंत्रज्ञ होता. फळ्यावर टेलरताईंचं नाव आता उजव्या, संध्याकाळच्या रकान्यात होतं. एवढंच काय ते त्याला दिसत असे.

तो मोठ्या भाऊंच्या बैठकीला एकदाच गेला. टेलरताईंची गोष्ट त्याने तिथे सगळ्यांसमोर सांगितली. मोठे भाऊ हळहळले. मग म्हणाले, त्या बाईंनी अन्नपाण्यावर ताबा ठेवायला हवा होता, श्रद्धा म्हणजे घाई नव्हे. काही जणांनी माना डोलावल्या. गुडघेदुखीवाल्या बाईने डोलावली नाही. दादा चपला घालताना तीही बाहेर आली आणि दोघे बरोबरच जिना उतरले.

सरांशी त्याचं बोलणं थांबलं नाही, पण बदललं. सर आता आधी सगळ्या खुर्च्यांकडे एक नजर टाकत. एकदा सात नंबरवरच्या मुलीने मोबाइल बाजूला ठेवून विचारलं, मेल्यावर काय होतं याबद्दल सगळे धर्म वेगवेगळं सांगतात, मग खरं कोणतं? पूर्वी सरांनी बरंच सांगितलं असतं. ते म्हणाले, मला माहीत नाही, तू का विचारतेस ते आधी सांग. तिने सांगितलं. ते तिच्या आजीबद्दल होतं आणि दोन तास चाललं. दादा जवळच यंत्राचे आकडे लिहून घेत होता. त्याला विचारलं असतं तरी तो काही बोलला नसता. अशा प्रश्नाला उत्तर द्यायचा आपला हक्क गेला, असं त्याला वाटे. पुढेही वाटत राहिलं.

चार महिन्यांनी ऑपरेशन झालं. दादाला कुणी मुद्दाम कळवलं नाही. सकाळी आला तर फळ्यावर उजव्या रकान्यातलं नाव पुसलेलं होतं. संध्याकाळच्या तंत्रज्ञाने पुसलं असणार. त्या पुसलेल्या जागेकडे बघून त्याला आधी वाटलं, त्या गेल्या. मग तारीख आठवली. तरी कुणाला विचारायचं त्याला धैर्य झालं नाही. दहा दिवस तो त्या जागेकडे बघून न बघितल्यासारखं करत राहिला.

अकराव्या दिवशी सकाळच्या पाळीत दार उघडलं आणि अक्का आत आली. बारीक झाली होती, कुशीवर हात ठेवून सावकाश चालत होती. सिस्टर पुढे झाल्या, तिने त्यांना हातानेच थांबवलं आणि दादासमोर येऊन उभी राहिली. आठही खुर्च्यांवरची माणसं बघत होती.

“ती बरी आहे. लघवी व्यवस्थित होतेय,” अक्का म्हणाली. “तिने सांगितलं, तुम्हाला कळवायचं. मी स्वतःहून आले नसते.”

दादा म्हणाला, “बरं.” त्याची मान खालीच होती. तिच्या चपला वळलेल्या त्याला दिसल्या. मग दार लागल्याचा आवाज आला. सर खिडकीबाहेर बघत होते.

त्या संध्याकाळी त्याने बायकोला अक्का आल्याचं सांगितलं. तिचं शेवटचं वाक्य, ‘मी स्वतःहून आले नसते’, आधी सांगितलं. ‘ती बरी आहे’ हे पहिलं वाक्य सांगायला त्याला जेवण होईपर्यंत वेळ लागला.